आवाज एकाचा, चेहरा दुसऱ्याचा : अहिराणी गायकाने स्वतः पडद्यावर यावं का?

आखाजी
लग्नसराई असो, कानबाई देवीची मिरवणूक असो की सारंगखेड्याची जत्रा, अहिराणी गाणं वाजल्याशिवाय आपल्या खानदेशात पाऊल हलत नाही. पण ते गाणं कोणाचं म्हणून विचारून बघा. लोक व्हिडिओत नाचणाऱ्या पोराचं नाव सांगतात, नाव आठवलं नाही तर "तो पिवळ्या फेट्यावाला" म्हणतात. ज्याच्या गळ्यातून गाणं निघालं त्याला बाजारात कोणी ओळखत नाही. मग जत्रेची सुपारी चेहऱ्याला जाते आणि गायकाला एकदा हातात पडलेल्या मानधनावर भागवावं लागतं.

माझं मत स्पष्ट आहे. गायकाने स्वतःच्या गाण्यात स्वतः दिसावं आणि जमलं तर पुढे सिनेमा-मालिकेतही जावं. पण अर्धवट तयारीने कॅमेऱ्यासमोर उभं राहिलं तर चांगला गळाही लोकांच्या मनातून उतरतो, हेही तितकंच खरं. तेव्हा रेकॉर्डिंग, शूटिंग, कागदपत्रं, स्टेज यातलं ज्यांना नीट माहीत आहे त्यांनी लिहावं. नेमकं लिहा. "मेहनत घ्या" एवढ्यावर थांबू नका.

वहीगायक
यावंच. आपल्याकडे गाणारा आणि सोंग आणणारा वेगळा कधी होता? वही, म्हणजे आपली पारंपरिक लोकगाणी, गाणारा हातवारे करतच गातो. तमाशातला सोंगाड्या गातो, नाचतो आणि हसवतोही. गळा एकीकडे आणि चेहरा दुसरीकडे ही वाटणी कॅमेऱ्याने आणली.

गिरणाकाठ
गायक पडद्यावर येणार असेल तर त्याची सुरुवात स्टुडिओत होते, शूटिंगच्या दिवशी नाही. म्हणून आधी रेकॉर्डिंगचं सांगतो.

फाइल ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिट. व्हिडिओचा आवाज ४८ वरच चालतो, मग ४४.१ वर रेकॉर्ड करून नंतर बदलत बसायचं कशाला? माइकपासून तोंड साधारण १५ ते २० सेंटीमीटर, मध्ये पॉप फिल्टर, म्हणजे तोंडाची फुंकर अडवणारी जाळी. मीटरवर सगळ्यात मोठा आवाज उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान ठेवावा. आपल्याकडचे बरेच गायक खुल्या आवाजाचे. वरच्या पट्टीत हाक मारल्यासारखी ओळ आली की मीटर लाल होतो आणि तो फाटलेला आवाज नंतर कशानेच सांधत नाही. अशा ओळीला माइकपासून वीतभर मागे सरकायचं, नाहीतर ती ओळ लेव्हल कमी करून वेगळी घ्यायची.

आता मुद्द्याची गोष्ट. स्टुडिओतून निघताना चार फाइली मागून घ्या : पूर्ण गाणं, गायकाच्या आवाजाशिवायचा नुसत्या संगीताचा ट्रॅक, नुसता आवाज, आणि सुरुवातीला चार ठोक्यांची मोजणी घातलेलं पूर्ण गाणं. चौथी फाइल शूटिंगसाठी. ती नसली की कलाकाराला पहिला शब्द कधी येतो ते कळत नाही आणि प्रत्येक टेकमध्ये पहिल्या ओळीचे ओठ चुकतात. बऱ्याच व्हिडिओत गायकाचा चेहरा दुसऱ्या ओळीपासूनच दिसतो, त्यामागे बहुतेक वेळा हेच असतं.

अजून एक. शूटिंग झाल्यावर गाण्याची लय बदलू नका. ठेका थोडा वाढवायचा असेल तर कॅमेरा लागण्याआधी वाढवा.

पांझरा
गिरणाकाठभाऊंनी चौथ्या फाइलचं सांगितलं ते सोन्यासारखं आहे. त्यापुढचं मी जोडतो.

ओठ जुळवणं म्हणजे नुसते ओठ हलवणं नव्हे. शूटिंगला प्रत्यक्ष गायचं. न गाता ओठ हलवले तर गळ्याच्या शिरा ताणत नाहीत, छाती श्वास घेत नाही, आणि का ते सांगता आलं नाही तरी बघणाऱ्याला खोटं वाटतं. पण दिवसभर पूर्ण आवाजात गाऊन गळा बसवून घेऊ नये. हलक्या पण खऱ्या आवाजात गा. कुजबुजू नका, कुजबुजण्याने गळ्यावर ताण पडतो. क्लोजअपचे टेक आधी उरका, तेव्हा गळा आणि चेहरा दोन्ही ताजे असतात.

प्रेक्षकाला चूक कुठे दिसते? प, फ, ब, भ, म या अक्षरांवर. इथे दोन्ही ओठ मिटावेच लागतात. "माय" म्हणताना ओठ मिटले नाहीत तर लहान पोरही ओळखतं. गाण्याचा कागद समोर घेऊन ही अक्षरं लाल शाईने खुणावून ठेवा आणि आरशासमोर तेवढीच घोटा. बाकीच्या अक्षरांना थोडं मागेपुढे चालतं.

स्लो मोशनमध्ये ओठ हलवायचे असतील तर गाणं त्याच प्रमाणात वेगाने वाजवावं लागतं. सेकंदाला ५० फ्रेमवर शूट करून २५ वर दाखवणार असाल तर दुप्पट वेगाने. आपली नाचायची गाणी आधीच जलद, दुप्पट वेगात जीभ वळत नाही. म्हणून स्लो मोशनला लांब ओढलेली ओळ निवडा. नाहीतर त्या शॉटमध्ये गायकाने गाऊच नये, नुसतं चालावं.

स्पीकर कलाकाराच्या जवळ ठेवा, झुडपामागे किंवा बैलगाडीच्या आड. कॅमेऱ्याजवळ ठेवलात आणि कलाकार ३५ मीटरवर शेतात उभा असला तर आवाज त्याच्यापर्यंत दशांश सेकंद उशिरा पोहोचतो. २५ फ्रेमच्या व्हिडिओत ते अडीच फ्रेम होतात. ओठ मागे पडतात आणि एडिटरच्या माथी खापर फुटतं.

लळिंग
पांझराभाऊ, स्पीकर कलाकाराजवळ ठेवला तरी तो घोळ सुटत नाही, उलटा होतो. लांबच्या शॉटमध्ये कॅमेऱ्याचा माइक तोच आवाज दशांश सेकंद उशिरा पकडतो. एडिटिंगमध्ये कॅमेऱ्याच्या आवाजाशी गाणं जुळवलं की ओठ आधी हलतात आणि आवाज मागून येतो. अशा शॉटला आवाज जुळवून झाल्यावर चित्र दोन-तीन फ्रेम उशिराने सरकवावं. किंवा शॉट सुरू होताना कलाकाराने कॅमेऱ्याला दिसेल अशी टाळी द्यावी, टाळीचा आवाज कलाकाराजवळ ठेवलेल्या मोबाइलवर घ्यावा आणि त्यावरून जुळवावं.

पांझरा
बरोबर आहे भाऊ. लांबच्या शॉटला टाळीच खात्रीची. जवळच्या शॉटला काही करावं लागत नाही.

नाट्यवेडी_जळगाव
मी थोडी वेगळी बाजू मांडते. प्रत्येक गायकाने पडद्यावर यावंच असं मला वाटत नाही.

१९३५ च्या 'धूपछांव'पासून हिंदीत पार्श्वगायन आलं. त्याआधी पडद्यावर दिसणाऱ्यालाच गावं लागायचं, म्हणून सैगलसारखे गाणारे नट मोठे झाले. पार्श्वगायन आल्यावर ज्याला गाता येतं पण चेहऱ्याने बोलता येत नाही अशांनाही जागा मिळाली. हे काही वाईट झालं नाही.

आपल्या जळगावचा धागा सांगते. बालगंधर्वांचं गाण्याचं सुरुवातीचं शिक्षण जळगावात मेहबूबखानांकडे झालं. १९०५ मध्ये ते किर्लोस्कर नाटक मंडळीत गेले आणि पुढे त्यांचा गाता अभिनय अख्ख्या महाराष्ट्राने डोक्यावर घेतला. तेच बालगंधर्व प्रभातच्या 'धर्मात्मा'मध्ये, १९३५ साली, संत एकनाथ झाले, पण सिनेमात त्यांचं मन रमलं नाही आणि ते रंगभूमीकडे परतले. रंगमंचावर गाणारा समोरच्या माणसांकडे बघून तान वाढवतो, 'वन्स मोअर' आला की पुन्हा गातो. कॅमेऱ्यापुढे दाद देणारं कोणी नसतं आणि हालचाल इंचात मोजलेली असते. एवढ्या मोठ्या गायक-नटाला जे जड गेलं ते आजच्या पोरांना सहज जमेल असं धरून चालू नये.

भुलाबाई
ताई, पण उलट उदाहरणंही आहेत ना. भुसावळहून इटारसीच्या गाडीत बसलं की खंडवा लागतं, तिथले किशोरकुमार. 'शिकारी'मध्ये १९४६ ला पडद्यावर आले, 'जिद्दी'साठी १९४८ ला गायले, आणि पुढे कित्येक वर्षं दोन्ही केलं. १९६९ च्या 'आराधना'नंतर गाणं एवढं वाढलं की अभिनय मागे पडला. म्हणजे दोन्हीपैकी कशाला किती वेळ द्यायचा हे काळाप्रमाणे बदलतं.

मराठीत केतकी माटेगावकर 'टाइमपास'मध्ये दिसली आणि गायलीही. आर्या आंबेकर लिटल चॅम्प्समधून आली आणि २०१७ ला 'ती सध्या काय करते'मध्ये नायिका झाली. दोघींना लोक आधी गाण्यासाठी ओळखत होते.

सातपुडा
आणि दिलजीत दोसांझला विसरू नका. पंजाबी गाण्यांवर आधी नाव केलं, मग पंजाबी सिनेमे, मग २०१६ ला 'उडता पंजाब'. २०२४ च्या 'अमरसिंह चमकीला'मध्ये तर गाणी शूटिंगच्या वेळीच प्रत्यक्ष गाऊन रेकॉर्ड केली. आपल्याला शिकण्यासारखी गोष्ट म्हणजे त्याने स्वतःची बोली सोडली नाही. हिंदीत गेला तरी पंजाबीपण घेऊन गेला.

गायकाला गायकाचीच भूमिका मिळाली तर पहिलं पाऊल सोपं पडतं. माइक कसा धरायचा, श्वास कुठे घ्यायचा हे त्याच्या अंगात असतं, ते नटाला शिकवावं लागतं.

नाट्यवेडी_जळगाव
भुलाबाई, सातपुडा, मान्य. माझा विरोध तयारीशिवाय येण्याला आहे. सोनू निगम यांनीही २००२ ते २००४ च्या सुमारास नायक म्हणून दोन-तीन सिनेमे केले. ते चालले नाहीत, पण त्यांच्या गाण्याला धक्का लागला नाही, कारण गाणं त्यांनी एक दिवसही सोडलं नव्हतं. गळा पक्का असेल तर पडद्यावर हात पोळला तरी परत यायला घर असतं.

आखाजी
हे फार महत्त्वाचं सांगितलंत ताई. कागदपत्रांचं कोणी लिहील का? आपल्याकडे सगळा व्यवहार तोंडी चालतो.

कायदेकानू
लिहितो. जरा लांब होईल, पण पूर्ण वाचा.

एका गाण्यात हक्कदार बरेच असतात. शब्द लिहिणारा, चाल लावणारा, गाणारा, आणि रेकॉर्डिंगचा खर्च करणारा निर्माता. आपल्याकडे बऱ्याचदा पहिले तिघे एकच असतात आणि त्यालाच ते ठाऊक नसतं.

कॉपीराइट कायद्यात २०१२ ला दुरुस्ती झाली. तेव्हापासून गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीचा हक्क काढून घेता येत नाही. वारसाला किंवा कॉपीराइट संस्थेला देता येतो, बाकी कोणाला "सगळे हक्क कायमचे दिले" असं लिहून दिलं तरी रॉयल्टीचा भाग सुटत नाही. गायकाला कायद्यात 'परफॉर्मर' म्हणतात आणि त्याचा हक्क ५० वर्षं टिकतो. गाणं चित्रफितीत घालायला त्याने लेखी संमती दिली की निर्मात्याच्या वापराला त्याला हरकत घेता येत नाही, पण व्यावसायिक वापराची रॉयल्टी मागता येते.

हक्क देण्याचा करार लेखी आणि सहीचा लागतो. करारात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती ५ वर्षं धरतो. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत धरला जातो. या दोन ओळी अनेकांना माहीत नसतात. जुना करार काढून बघा, मुदतच नसेल तर पाच वर्षांनंतर बोलायला जागा आहे.

संस्था दोन लक्षात ठेवा. आयपीआरएस ही शब्द आणि चाल यांची, गीतकार-संगीतकारांसाठी. नुसतं गाणाऱ्यांसाठी इसम्रा. "मी गायक आहे, मला आयपीआरएसचे पैसे का नाहीत" असं विचारण्यात अर्थ नाही. पण गायकाने मुखडा स्वतः लिहिला असेल तर तो गीतकारही आहे, आणि तसं नाव नोंदवलंच पाहिजे. नाव नोंदवताना सगळीकडे एकच स्पेलिंग ठेवा. एका ठिकाणी 'भाऊसाहेब' आणि दुसऱ्या ठिकाणी 'बी.' लिहिलं की ऑडिओच्या ॲपवर तुमची दोन वेगळी माणसं होतात आणि ऐकणारे वाटले जातात.

प्रत्येक रेकॉर्डिंगला ओळख म्हणून १२ अक्षरांचा आयएसआरसी कोड मिळतो. गाणं ॲपवर चढवणारा वितरक तो देतो. तो कोड लिहून मागून घ्या. उद्या तेच गाणं दुसऱ्या वितरकाकडून चढवायचं झालं तर हाच कोड लागतो, म्हणजे जुने आकडे पुसले जात नाहीत.

वहीगायक
कानबाईची, आखाजीची, भुलाबाईची पारंपरिक गाणी गायली तर? ती तर कोणाच्याच मालकीची नाहीत.

कायदेकानू
मूळ गाणं कोणाचं नाही, पण एखाद्याने केलेलं रेकॉर्डिंग त्याचं असतं. जुन्या व्हिडिओतला ठेका किंवा सनई उचलून त्यावर गायलात तर यूट्यूबची यंत्रणा ते ओळखते आणि त्याच्या नावाने क्लेम लावते. क्लेम आणि स्ट्राइक यांत गल्लत करू नका. क्लेम लागला की त्या व्हिडिओची कमाई सहसा समोरच्याला जाते, चॅनेल राहतं. स्ट्राइक म्हणजे तक्रारीवरून व्हिडिओच काढला जाणं, त्या ९० दिवसांत तीन लागल्या तर चॅनेलच जातं. क्लेमला तुम्ही हरकत घेतली की समोरच्याला उत्तरासाठी ३० दिवस असतात. म्हणून पारंपरिक गाणं असलं तरी संबळ, डफ, पावरी, जे काही असेल ते नव्याने वाजवून घ्या आणि स्टुडिओतल्या रेकॉर्डिंगच्या मूळ फाइली जपून ठेवा. वाद झाला तर त्याच पुरावा.

रावेरनी केयी
बठ्ठासले राम राम. शूटिंगच्या जागांबद्दल कोणीच लिहिलं नाही, म्हणून लिहिते.

आपल्याकडचे निर्माते केळीच्या बागेत शूटिंग करतात. हिरवं दिसतं, सावली असते, खर्च नसतो. पण तिथे तीन गोष्टी बिघडतात. पहिली, पानांतून गाळून आलेला उजेड हिरवट असतो, चेहरा आजारी दिसतो. व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्यातली रंगांची जुळणी, बागेत पांढरा कागद धरून करायचा आणि कलाकाराच्या समोर खालच्या बाजूने थर्माकोलचा पांढरा पत्रा धरायचा, म्हणजे डोळ्यांखालची सावली आणि हिरवट झाक दोन्ही कमी होतात. दुसरी, केळीचा चीक. पान नाहीतर दांडा तुटला की चीक ठिबकतो, आधी पाण्यासारखा दिसतो आणि वाळल्यावर कपड्यावर तपकिरी काळा डाग पडतो. तो डाग कापड फाटेपर्यंत जात नाही. पांढरा शर्ट किंवा भाड्याने आणलेला लेहंगा असेल तर बागेत नेऊच नका. नेलाच तर शूटिंगच्या आधी आजूबाजूची लोंबणारी, फाटकी पानं मालकाकडून काढून घ्या आणि चीक गळायचा थांबल्यावर उभं राहा. तिसरी, ठिबकच्या नळ्या. नाचताना पाय अडकतो, माणूस पडतो, नळीही तुटते आणि शेतकऱ्याचं नुकसान होतं. नाचायची जागा आधी मोकळी करून घ्या.

उन्हाळ्यात भुसावळ-जळगावला पारा ४४-४५ ला जातो. सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ५ नंतरच कॅमेरा काढा. दुपारी कॅमेरा तापून बंद पडतो, मेकअप वितळतो, आणि डोळे बारीक करून गाणारा माणूस रागावल्यासारखा दिसतो.

पाटणादेवी अभयारण्यात येते, तिथे वन खात्याच्या परवानगीशिवाय सामान नेऊ नका. तोरणमाळला यशवंत तलावाकाठी सकाळी धुकं छान मिळतं, पण तिथे जाऊन यायला दिवस जातो, एकाच दिवसात दोन ठिकाणं धरू नका.

लळिंग
केळीच्या चिकाचं शंभर टक्के खरं शे.

भुलाबाई
मला भाषेबद्दल बोलायचं आहे. गाणं अहिराणी आणि पडद्यावरची नायिका बाहेरची, असं असलं की ती "काया डोया" या शब्दांवर "काळा डोळा"चे ओठ आणि जीभ हलवते. आपल्याकडे ळ चा य होतो. काळाचं काया, धुळ्याचं धुये, जळगावचं जयगाव. 'ळ' म्हणताना जीभ मागे वळते आणि क्लोजअपमध्ये ते दिसतं. "शे" च्या जागी "आहे" म्हटलेलं तर लगेच कळतं. गायक किंवा गायिका स्वतः पडद्यावर असली की हा प्रश्नच येत नाही, कारण शब्द तिच्याच तोंडचे असतात. मला विचाराल तर गायकाने पडद्यावर येण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे.

नाट्यवेडी_जळगाव
याचीच दुसरी बाजू. मराठी मालिकेच्या ऑडिशनला प्रमाण मराठी मागतात. अहिराणी बोलणाऱ्याचं ळ-य, ण-न पकडलं जातं. म्हणून अहिराणी सोडायची नाही, पण दोन्ही जिभेवर वेगवेगळ्या ठेवायच्या. रोज १५ मिनिटं वर्तमानपत्र मोठ्याने वाचा आणि मोबाइलवर ऐका. "बाळ, काळ, फळ, मूळ" असे शब्द निवडून वाचा. जिथे आपोआप 'य' येतो तिथे थांबा आणि तेवढाच शब्द पुन्हा घ्या.

ऑडिशनचा व्हिडिओ पाठवायचा तर फोन आडवा, भिंत साधी, उजेड समोरून. पाठीमागे खिडकी नको, चेहरा काळा पडतो. आधी नाव, गाव, उंची, मग डावी-उजवी बाजू आणि दोन्ही हात दाखवा. मग एक दीड मिनिटाचा प्रसंग. गायक लोक इथे गाणं म्हणून दाखवतात. मागितल्याशिवाय म्हणू नका, त्यांना तुमचं बोलणं बघायचं असतं. गायकांची नेहमीची चूक म्हणजे संवाद सुरात ओढणं. वाक्याचा शेवटचा शब्द लांबतो. तो तोडायचा सराव करा.

आणि मालिकेचा करार येईल तेव्हा 'दुसरीकडे काम करायचं नाही' असं कलम असतं का ते बघा. असेल तर जत्रा, लग्नाचे कार्यक्रम आणि स्वतःचं चॅनेल त्यातून वगळलं असल्याचं लिहून घ्या, नाहीतर आपला अख्खा हंगाम हातचा जातो.

सातपुडा
हंगामावरून आठवलं, स्टेजचं कोणी बोललंच नाही. चेहरा ओळखीचा झाला की सुपारी वाढते, पण स्टेजवर लोकांना व्हिडिओतलंच गाणं तसंच्या तसं हवं असतं. रेकॉर्डिंग बसून, एकेक ओळ घेऊन केलेलं असतं. स्टेजवर नाचत गायचं तर श्वास पुरत नाही. म्हणून स्टेजसाठीचा ट्रॅक एक ते दोन स्वर खालच्या पट्टीत करून घ्या, स्टुडिओतच. मोबाइलच्या ॲपने पट्टी उतरवलेला ट्रॅक मोठ्या स्पीकरवर घोगरा वाजतो.

माइकची जाळी मुठीत धरू नका. पोरांना ते दिसायला आवडतं, पण त्याने शिट्टी सुटते आणि आवाज बोदा होतो. डीजेचे स्पीकर गायकाच्या मागे लावले की तीच गत. स्पीकर गायकाच्या पुढे, तोंड लोकांकडे. गायकाला स्वतःचा आवाज ऐकायला पायाजवळ एक छोटा मॉनिटर मागून घ्या. तो नसला की माणूस ओरडत जातो आणि तिसऱ्या गाण्याला गळा बसतो.

रात्री १० नंतर लाउडस्पीकर बंद, हा नियम २००० सालापासूनचा आहे. सरकार वर्षातले काही ठरावीक दिवस १२ पर्यंत सूट देतं. आयोजक "बघून घेऊ" म्हणाला तरी तुमचं गाजलेलं गाणं साडेनऊच्या आत घ्या.

गिरणाकाठ
सातपुडाभाऊंच्या पट्टीच्या मुद्द्याला माझी पूर्ण सहमती. आणि गाण्याच्या आदल्या रात्री भरीत, ठेचा, शेवभाजी नको. तिखट-तेलकट खाऊन लगेच आडवं झालं की आंबट वर येतं आणि सकाळी वरचा स्वर लागत नाही. रेकॉर्डिंग झाल्यावर काय ते पोटभर खा.

रावेरनी केयी
भरताला कोणी नावं ठेवू नका हां. पण रेकॉर्डिंगच्या आदल्या रात्रीपुरतं ऐकते. भाकरीवर साधं वरण घ्या, तूप टाकून.

आखाजी
एवढं सगळं वाचून मूळ प्रश्न थोडा बदलला असं वाटतंय. यावं की नाही यापेक्षा कोणत्या क्रमाने यावं हे महत्त्वाचं दिसतं. समजा, कानबाईचं एक गाणं करायचं आहे. शब्द, चाल, गळा एकाच माणसाचा, आणि तोच पडद्यावर दिसणार. वेळापत्रक कसं लावायचं?

पांझरा
उलटं मोजत या. कानबाई नागपंचमीनंतरच्या पहिल्या रविवारी बसते, सोमवारी विसर्जन. बँडवाल्यांना आणि डीजेंना गाणं बसवायला वेळ लागतो, म्हणून ते कानबाईच्या किमान तीन आठवडे आधी, आषाढातच बाहेर पडलं पाहिजे. एडिटिंग आणि चित्राचे रंग जुळवायला दहा-बारा दिवस धरा. म्हणजे शूटिंग ज्येष्ठात, पहिला पाऊस पडून गेल्यावर. धूळ बसलेली असते, उजेड मऊ असतो, पण दुपारनंतर ढग येतात, तेव्हा पहाटेच सुरुवात करा. रेकॉर्डिंग त्याआधी पंधरा दिवस, म्हणजे गायकाला ओठांची अक्षरं घोटायला वेळ मिळेल.

वहीगायक
एक विनंती. कोणाच्या घरी मांडलेली कानबाई शूटिंगसाठी हलवू नका आणि नैवेद्याच्या रोटांच्या ताटावर लाइट लावू नका. शूटिंगसाठी वेगळा चौरंग, वेगळं नारळ, वेगळी मांडणी करा. आपल्या बाया व्हिडिओ बघताना पहिल्यांदा मांडणी बघतात. नारळावरचं नाक-डोळे, नथ, हार जागच्या जागी नसले तर गाणं कितीही चांगलं असो, वाजवत नाहीत.

कायदेकानू
आणि रेकॉर्डिंगच्या आधी एका पानाचा कागद. शब्द कोणाचे, चाल कोणाची, गळा कोणाचा, कोणत्या चॅनेलवर चढणार, किती वर्षांसाठी, कमाईत कोणाचा किती भाग. गायक आणि निर्माता, दोघांच्या सह्या. गाणं गाजल्यावर हा कागद कोणी करत नाही. शक्य असेल तर गायकाने स्वतःचंही चॅनेल उघडावं. यूट्यूबवर जाहिरातीची कमाई सुरू व्हायला १००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४००० तास बघणं लागतं, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे १ कोटी व्ह्यू. ते जमायला वेळ लागतो, म्हणून पहिल्या गाण्यापासूनच सुरू करा.

भुलाबाई
माझी एक सूचना आणि मग मी थांबते. व्हिडिओच्या सुरुवातीच्या पाटीवर निर्मात्याचं नाव, चॅनेलचं नाव, नायक-नायिकेचं नाव असतं. गायकाचं नाव सगळ्यात शेवटी, तेही पळत्या अक्षरांत. गायकाचं नाव पहिल्या १५ सेकंदांत, एकट्याचं, निदान ३ सेकंद थांबलं पाहिजे, आणि त्याच वेळी त्याचा चेहरा पडद्यावर असला पाहिजे. व्हिडिओखालच्या वर्णनाच्या पहिल्या ओळीतही तेच नाव, कारण मोबाइलवर पुढच्या ओळी दिसत नाहीत.

आखाजी
ही पाटी कायदेकानूभाऊंच्या त्या एका पानावरच लिहून घेता येईल का?

कायदेकानू
येईल. "गायकाचे नाव स्वतंत्र पाटीवर, पहिल्या १५ सेकंदांत, किमान ३ सेकंद, आणि वर्णनाच्या पहिल्या ओळीत." असंच्या असं लिहा. श्रेय हा परफॉर्मरचा कायद्यातलाही हक्क आहे, त्यामुळे कोणी नाही म्हणू नये. सही झाल्यावर कागदाचा फोटो दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवा आणि एक प्रत एडिटरला द्या. पाटी शेवटी तोच बनवतो.